जागा सोडण्याची किंमत

अनिश्चित काळात छोट्या उद्योगाला लवचीक जागा तारते, असं हल्ली उद्योजकांच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकायला मिळतं. महिन्याच्या बोलीवर टेबल घ्या, धंदा वाढला तर आणखी चार घ्या, बसला तर सोडून द्या. डिपॉझिट कमी, फर्निचरचा खर्च नाही, वीज, इंटरनेट, चहा सगळं भाड्यात. हा तपशील खरा आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. कारण तो ऐकणारी मुलं घरचे पैसे घालून धंद्यात उतरलेली असतात, आणि आपली अनिश्चितता कुणीतरी नाहीशी केली आहे या समजुतीवर ती पुढचे बेत आखतात.

मुंबईचा जुना अनुभव तर नेमका उलटा आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर इथले छापखाने, शिंपी, घड्याळजी, कागदाचे व्यापारी अनेक मंदींतून निभावले. १९८२च्या गिरणी संपानंतर गिऱ्हाइकांच्या खिशात पैसा उरला नव्हता, तेव्हाही त्यांची दुकानं उघडी राहिली. त्यांना वाचवलं ते जागेच्या स्थैर्याने. महिनाभर गल्ला रिकामा राहिला तरी भाडं भरता येत होतं आणि पत्ता बदलत नव्हता. छोट्या धंद्याचं निम्मं भांडवल त्याच्या पत्त्यात असतं. पुण्यात पुस्तकाचा धंदा करणारा अप्पा बळवंत चौक का सोडत नाही, मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणारा लॅमिंग्टन रोडवरच का बसतो, याचा विचार केला तर ‘कुठूनही काम करा’ हा सल्ला किती थोड्यांच्या कामाचा आहे ते कळतं.

पण या प्रश्नाच्या मुळाशी जायचं तर फ्रँक नाइटकडे जावं लागतं. शिकागो विद्यापीठातल्या या अर्थशास्त्रज्ञाचा ‘रिस्क, अनसर्टन्टी अँड प्रॉफिट’ हा ग्रंथ १९२१चा. नाइटचं नाव घेणारे त्याचा एकच भेद सांगून थांबतात: जोखीम मोजता येते, अनिश्चितता मोजता येत नाही. खरं महत्त्व त्याच्या पुढच्या पायरीला आहे. जे मोजता येतं त्याचा विमा उतरवता येतो, म्हणजे ते खर्चाच्या हिशेबात बसतं. जे मोजता येत नाही ते कुणाला तरी स्वतःच्या निर्णयबुद्धीवर अंगावर घ्यावं लागतं. ते अंगावर घेणारा तो उद्योजक, आणि नफा हा त्याचा मोबदला. अनिश्चिततेला तोंड देण्याचे जे मार्ग नाइट सांगतो, त्यांतला एक म्हणजे एकत्रीकरण. पुष्कळ सुट्या प्रसंगांची मोट बांधली की प्रत्येकाचं नशीब वेगळं असलं तरी सगळ्यांची सरासरी बरीचशी स्थिर राहते.

सामायिक कार्यालयाचा धंदा याच तत्त्वावर उभा आहे. चालक मालकाकडून मोठी जागा दीर्घ मुदतीने घेतो आणि तिचे तुकडे महिन्या-महिन्याने विकतो. आज एका सनदी लेखापालाचं टेबल रिकामं झालं, तर उद्या तिथे एखादी सॉफ्टवेअर करणारी मुलगी येते. प्रत्येकाची अडचण वेगळ्या वेळी येते तोवर ही मोट टिकते. सगळ्यांवर एकदम संकट आलं की सगळी टेबलं एकदम रिकामी होतात आणि चालकाचं दीर्घ मुदतीचं भाडं मात्र चालूच राहतं. म्हणजे ही व्यवस्था एकेकट्याच्या दुर्दैवावरचा उपाय आहे. काळच वाईट आला तर तिचा पाया हलतो. तिचे प्रचारक मात्र ती वाईट काळासाठी म्हणूनच विकतात.

हे नुसतं तर्काने काढलेलं अनुमान नाही. १९८९मध्ये ब्रसेल्समध्ये सुरू झालेल्या रीजसने जगभर अशी कार्यालयं उभारली. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर जानेवारी २००३मध्ये तिच्या अमेरिकेतल्या धंद्याला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. याच धंद्यातल्या वीवर्कने २०१९मध्ये शेअर विक्रीसाठी कागद दाखल केले, तेव्हा तिच्यावर पुढच्या भाड्याचं देणं सुमारे ४७ अब्ज डॉलर होतं आणि सभासदांकडून पक्कं ठरलेलं उत्पन्न सुमारे ४ अब्ज. दिलेला शब्द वर्षानुवर्षांचा आणि मिळालेला महिन्यांचा. नोव्हेंबर २०२३मध्ये तीही दिवाळखोरीत गेली. सभासदांची अनिश्चितता मधली काही वर्षं सॉफ्टबँकेसारख्या गुंतवणूकदारांनी आपल्या पैशाने विकत घेतली होती. तो पैसा आटल्यावर मालकांपुढे कमी भाडं किंवा रिकामे मजले एवढेच पर्याय उरले.

मग लवचीक जागेचा दावा पूर्ण फोल म्हणायचा का? तसं म्हणता येत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच कायद्यांत आहे.

टाळेबंदीच्या काळात दिल्लीच्या खान मार्केटमधल्या बुटांच्या एका दुकानाचं प्रकरण मे २०२०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलं. दुकान बंद आहे, तर भाडं स्थगित करा, अशी मागणी होती. करारात तशी तरतूद नसेल, तर केवळ दुकान काही काळ वापरता आलं नाही म्हणून भाडं थांबवता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. भाडं भरायला थोडी मुदत दिली, इतकंच. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ भाडेकरूला सुटका देतं, पण आगीने, पुराने किंवा तशाच आपत्तीने जागा नष्ट किंवा कायमची निरुपयोगी झाली तर. भिंती उभ्या आहेत आणि गिऱ्हाईक नाही, या संकटाची त्या कलमाला ओळखच नाही. तीन वर्षांचा लॉक-इन, म्हणजे त्याआधी जागा न सोडण्याचं बंधन, मान्य करून गाळा घेतलेल्या माणसाला धंदा बंद करण्याचीसुद्धा मोकळीक नसते. महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडता येणं ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे. धंदा वाचला नाही तरी घर वाचतं.

दुसरं कारण महाराष्ट्राचं खास आहे. ज्या स्थैर्याचं मी वर कौतुक केलं, ते आधीपासून आत असलेल्यांना मिळालं. नव्याने येणाऱ्याला पगडी मोजावी लागली. १९४७च्या कायद्यातल्या १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला, आणि मालक कायमचे बिचकले. पुढे १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. बँका, सार्वजनिक उपक्रम, आणि १ कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना त्यातून वगळलं. हेतू चांगला होता: संरक्षण छोट्यांना मिळावं. परिणाम असा की मालकाला मोठी कंपनीच हवी असते, कारण मुदत संपल्यावर ती भाडे कायद्याचा आधार घेऊन अडून बसू शकत नाही. कायद्याने ज्याला जपलं, त्यालाच दारात उभं करायला मालक तयार होत नाही.

सामायिक कार्यालयाचा चालक हा बहुधा असाच मोठा भांडवलदार असतो. मालक त्याला निर्धास्तपणे जागा देतो, आणि तो तिचे तुकडे करून छोट्यांना आत घेतो. फोर्टात दुसऱ्याच्या ऑफिसात एक टेबल आणि सामायिक टेलिफोन घेऊन दलाली करणारे पूर्वीही होतेच. आता तीच सोय रीतसर कागदावर मिळते आहे. या जागा छोट्याला तारतात म्हणण्यापेक्षा त्या त्याला आत येऊ देतात आणि बाहेर पडू देतात. हे श्रेय मी त्यांना मनापासून देतो.

पण तेवढंच. हा धंदा आता छोट्यांकडे पाठ फिरवू लागला आहे. जुलै २०२५मध्ये शेअर बाजारात आलेली स्मार्टवर्क्स ही कंपनी स्वतःच सांगते की तिचा भर मध्यम आणि मोठ्या उद्योगांवर आहे. शेकडो खुर्च्या वर्षानुवर्षांसाठी घेणारं गिऱ्हाईक चालकाला हवंसं वाटणार, यात नवल नाही. वीवर्कच्या हिशेबातून तोही शिकला आहे. शिवाय भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ज्याची सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याला या कराची वजावट मिळत नाही. सगळ्यात लहान माणूस तो पूर्ण भरतो.

आणि चालकच बुडाला तर? टेबल घेणाऱ्याचा मालकाशी काहीच करार नसतो. चालकाचा करार संपला की त्याचा परवानाही जातो, आणि डिपॉझिटसाठी तो इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत सगळ्यात मागे उभा राहतो. मेळाव्यातल्या वक्त्यांनी आपलं वाक्चातुर्य इथे खर्च करावं. सभासदांचं डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती हवी. चालकाचा करार तुटला तरी आगाऊ पैसे भरलेल्या सभासदाला तेवढी मुदत जागेत बसू देण्याचं बंधन मालकावर हवं. आणि साध्या गाळ्याच्या करारातही, सूक्ष्म उद्योगासाठी, ठरावीक महिन्यांचं भाडं भरून लॉक-इनमधून सुटण्याचा हक्क हवा. १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ने भाडेकराराची नोंदणी सक्तीची केली आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. तेव्हाही हे जमणार नाही असं म्हणणारे होते, आणि आज त्या नोंदणीशिवाय सहसा कुणी किल्ली देत नाही.