हवा भरणाऱ्याचा दोष

ऊस तुटून गेल्यावर रानात उरतात ते पाचट आणि बुडखे. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आमच्या नातेपुत्याच्या शिवारात ऊस होतो, आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतूनच पुढचा खोडवा घ्यायचा, ही रीत. खोडव्याचं निम्मं नशीब बुडख्याच्या उंचीवर असतं. बुडखा जमिनीलगत छाटला तर जमिनीखालचे डोळे फुटतात, फुटव्याला स्वतःच्या मुळ्या सुटतात आणि तो जोमानं येतो. बुडखा चार बोटं वर राहिला की वरचेच डोळे आधी फुटतात. ते कोंब दिसायला हिरवे, पण पोटात जोर नसतो.

पूर्वी हे काम बायामाणसं वाकून कोयत्यानं करायची. आता ट्रॅक्टरमागं फिरत्या पात्यांचं यंत्र लावतात. ते एका दमात पाचटही कुटतं आणि बुडखेही छाटतं. पण एका वर्षी आमच्या रानात पट्टे उठले. यंत्राच्या डाव्या अंगाचे बुडखे मातीला टेकलेले आणि उजव्या अंगाचे चार-चार बोटं वर. बांधावरून बघितलं तर कुणीतरी न्हाव्याला अर्ध्यातनं उठवून आणल्यासारखं रान दिसत होतं. भाड्यानं आलेला ट्रॅक्टरवाला म्हणाला, "दादा, आदी ब्येस चालत हुतं. काल पंक्चरवाल्यानं चाकात हवा भरली, तवापासनं बिघडलंय."

आम्ही हसलो. हवा भरल्यानं कुठं यंत्र बिघडतं? पण तो खोटं बोलत नव्हता.

ट्रॅक्टर मिस्त्रीकडं नेला. मिस्त्रीनं पात्यांना हातच लावला नाही. इंजिन बंद करायला लावलं, चावी स्वतःच्या खिशात टाकली आणि ट्रॅक्टर शेडातल्या सिमेंटच्या कोब्यावर उभा केला. कोब्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कुठं पळतं का ते बघितलं. मग दोन्ही मागच्या चाकांतली हवा मोजली. सारखी निघाली. त्यानंतर पाती आडवी फिरवून डाव्या टोकाची आणि उजव्या टोकाची जमिनीपासूनची उंची टेपानं घेतली. उजवीकडं चांगला दीड-दोन इंचाचा फरक. तेव्हा त्यानं विचारलं, "उजवं चाक किती दिवस बसल्यालं हुतं?"

"दोन म्हयने आसंल."

गुपित उलगडलं. उजव्या चाकात हवा कमी, म्हणून ट्रॅक्टर उजवीकडं कलायचा आणि यंत्राचं उजवं अंग खाली जायचं. ट्रॅक्टरवाल्यानं हवा भरायची सोडून उजव्या लिफ्ट रॉडचा हँडल फिरवला आणि तेवढं अंग वर उचलून घेतलं. चाक वाकडं, रॉड वाकडा, आणि दोन्ही मिळून छाटणी सरळ! दोन महिने तसंच चाललं. मग पंक्चरवाल्यानं इमानदारीनं हवा भरली आणि रॉडचा वाकडेपणा एकटा उघडा पडला.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्या घरामागं मोठं गवत आहे आणि बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र आहे. त्याचंही पात्यांचं घर एकीकडं झुकलं होतं, गवतात पायऱ्या पडत होत्या. फोनवर सांगत होता, त्याच्या यंत्राच्या पुस्तकातही तोच क्रम दिलाय: आधी चारी चाकांची हवा, मग सपाट फरशी, मग डावं-उजवं, शेवटी पुढचं-मागचं. पुढची कड मागच्यापेक्षा किंचित खाली ठेवायची. आमच्या मिस्त्रीनं ते पुस्तक बघितलेलं नाही, पण क्रम एकच. आधी जे भार सोसतं ते बघायचं, मग जे कापतं ते.

मला मात्र त्या दोन महिन्यांचा प्रश्न पडला. तेव्हा यंत्र सरळ होतं की वाकडं? रानाला विचाराल तर सरळ. बुडखे सारखे छाटले जात होते, पिकाला रॉडशी काय देणंघेणं? हे म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. पण बसलेल्या चाकाची कड झिजत होती, स्टेअरिंग एका अंगाला ओढत होतं, चालवणाऱ्याची कंबर रात्री बोलत होती. किंमत कुणीतरी देतच होतं, फक्त ती रानात दिसत नव्हती.

हे मनात घोळत असताना मला आत्या आठवत राहिली.

आजोबा वारले तेव्हा आत्यानं माळशिरसला जाऊन हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. १९५६च्या कायद्यानं तिला बापाच्या वाट्यात वाटा होता. भावाइतका नव्हता, पण होता. तो तिनं सोडला. कुणी जबरदस्ती केली नाही. तशी गरजच नसते, सगळा गाव मूकपणानं तेच सांगत असतो. बदल्यात वडिलांनी तिला कधी कमी पडू दिलं नाही. दर दिवाळीला आणणं, साडीचोळी, सुगीला दोन पोती ज्वारी, तिच्या पोरांच्या लग्नात मामा म्हणून पुढं उभं राहणं. माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी आली की आत्या हमखास माहेरी. हे सगळं मायेनंच होत होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. वडिलांना लबाड म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही, आणि मीही म्हणणार नाही.

तरी ज्वारी कधी किडकी निघाली तर आत्या बोलायची नाही. हक्काची असती तर बोलली असती. वडील गेले आणि पुढच्या सुगीला पोती कुणी पाठवायची, हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. आईनं आठवण केली म्हणून गेली. माणसाच्या चांगुलपणावर उभी केलेली भरपाई त्या माणसाच्या आयुष्याएवढीच टिकते.

पुढं कायदे बदलले. महाराष्ट्रानं १९९४ साली, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला. २००५ साली केंद्रानं लग्नाची अट न ठेवता तो देशभर लागू केला. ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. आणि पारावर एकच वाक्य ऐकू यायला लागलं: "कायद्यानं भावाबहिणीत भांडणं लावली, आदी ब्येस चाललं हुतं."

ट्रॅक्टरवाल्याचं वाक्य, शब्दाला शब्द! कायद्यानं फक्त हवा भरली. रॉड त्याआधीच पिळलेला होता.

पण भावांची बाजूही ऐकली पाहिजे. बहिणीच्या लग्नाला काढलेलं कर्ज भावानं फेडलं, आईचं आजारपण त्याच्या बायकोनं काढलं. ती सगळी त्याच हँडलाची फिरकी होती. आता हवा भरली आणि हँडल तसाच ठेवला, तर छाटणी दुसऱ्या अंगानं वाकडी होणारच. कायद्याला घरातला हँडल फिरवता येत नाही, तो घरच्यांनीच फिरवायचा. लग्नात उडवलेला पैसा, आईबापाचं करणं, याचाही हिशेब बहीणभावानं मिळून मांडला पाहिजे. माझा आग्रह फक्त क्रमाचा आहे. "आधी नातं जप, मग वाट्याचं बोलू" असं बहिणीला सांगणं म्हणजे बसलेल्या चाकावर पाती जुळवायला सांगणं. आणि नाव लावलं म्हणून तिची दिवाळी बंद करणं ही तर निव्वळ सूडाची गोष्ट. तीही आमच्या भागात मी चार घरांत बघितलीय.

वडिलांमागं वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि बहिणीचं नाव लागलं. "हक्कसोड करून घे, पुन्हा ताप नको" म्हणणारे भेटलेच. आम्ही ते केलं नाही. हिशेबाला बसलो तेव्हा तिच्या लग्नाचा खर्चही निघाला आणि आईच्या ऑपरेशनला तिनं गुपचूप पाठवलेले पैसेही निघाले. दोन दिवस आवाज चढले. ऊसबिलातला तिचा हिस्सा आता तिच्या खात्यावर जातो.

आत्याला हे कळलं तेव्हा तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आरं, पर दिवाळीला आणतूस न्हवं तिला?"

"आणतो की आत्या."

"आन् तिची वैनी बोलती न्हवं तिच्याशी?"

"बोलते."

"मग ऱ्हाऊ दे नाव," आत्या म्हणाली, आणि पदरानं चष्मा पुसायला लागली.