येतो म्हणून गेलेले मामा

दोन दिवाळ्यांपूर्वी माझे मामा आमच्याकडे फराळाला आले होते. चिवडा झाला, चहा झाला, गुडघ्यांची विचारपूस झाली. मग ते उठले, चपलांत पाय घातले आणि आपण सगळेच म्हणतो तसं म्हणाले, "बरंय, येतो." दार लागलं. आमच्या लेकीला तेव्हा चौथं वर्ष लागलेलं. तिनं देवघरापुढचा पाट ओढत आणला, दाराशी मांडला आणि त्यावर मांडी घालून बसली. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं. "इथं काय करतेस गं?"

"मामाआजोबा येतायत ना. म्हणाले ना ते."

मी हसलो, बायको हसली, आई तर डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसली. लेक आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. आपलं काही चुकलं की यांचं, याचा हिशेब चालला होता. माझे बाबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी आपली वेताची खुर्ची सरकवत तिच्याशेजारी आणली आणि तेही दाराकडे तोंड करून बसले. दहा-एक मिनिटं दोघं गप्प. मग म्हणाले, "माझा अंदाज असा आहे, की ते पुढच्या दिवाळीला येतील."

"मग आत जायचं?"

"जाऊ या."

पाट जागेवर गेला. हा प्रसंग मी नंतर निदान वीस ठिकाणी सांगितला असेल, आणि प्रत्येक वेळी पाटापाशी थांबलो. खुर्ची सांगायची राहून जायची, कारण हशा पाटावर पिकतो.

निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे मला कुणी समोर बसवून शिकवल्याचं आठवत नाही. 'जातो'मध्ये कायमचं जाणं ऐकू येतं, म्हणून आपण उलटं क्रियापद वापरतो. समोरचाही जाणाऱ्याला 'या' म्हणतो. अर्ध्या मिनिटाच्या निरोपात दोन्ही बाजूंनी शब्द डोक्यावर उभे केलेले असतात आणि कुणाचीच फसगत होत नाही. फसगत होते ती जेमतेम दोन वर्षं मराठी बोलणाऱ्या माणसाची. तिनं 'येतो'चा अर्थ 'येतो' असा घेतला. यात विनोद आहे, पण तो तिनं केलेला नाही. ती अगदी सरळ चालत होती. वाट आपली वाकडी होती, आणि ती वाकडी आहे हे आपण विसरलो होतो. घरात लहान मूल असलं की दिवसातून चार वेळा हे असं उघडं पडायला होतं. आपण हसतो ते बरेचदा या उघडं पडण्याला, आणि बोट दाखवतो मुलाकडे.

मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे 1920च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. अशा चाचणीत मोजायची ती बरोबर उत्तरं. त्याचं लक्ष गेलं चुकलेल्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकत होती, म्हणजे त्या चुकांनाही काही शिस्त होती. पुढे त्यानं स्वतःच्या तीन मुलांच्या पाळण्याशी बसून वह्या भरल्या. बुटक्या पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं की लहान मुलांना ते जास्त वाटतं, हे त्याचं निरीक्षण आता बालमानसशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडतं. पियाजेचं नावही न ऐकलेल्या आपल्याकडच्या आज्या तोच प्रयोग पोळीवर करत आल्या आहेत. एका पोळीचे चार तुकडे करायचे आणि ताट रिकामं झालं की म्हणायचं, "अगंबाई, चार संपवल्यास!" फरक एवढाच, की त्याला मूल कसा विचार करतं ते हवं होतं आणि आज्यांना ताट रिकामं हवं होतं.

चुकीतली शिस्त ऐकायची तर मराठी क्रियापदं आहेतच. लेक वर्षभर म्हणत होती, "मी चित्र करलं", "बाबा, झुरळ मरलं." हे तिनं कुणाकडून ऐकलं? कुणाकडूनच नाही. घरात, बालवाडीत सगळे 'केलं' आणि 'मेलं'च म्हणत होते. पण भर-भरलं, धर-धरलं, चर-चरलं एवढं सामान हाताशी असेल तर कर-करलं होणारच. नियम तिनं स्वतः शोधून काढला होता. 'केलं' ही भाषेनं केलेली आगळीक. कर्नेई चुकोव्हस्की या रशियन लेखकानं दोन ते पाच वर्षांच्या मुलांची असली बोलणी गोळा करण्यात आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. 1928 साली त्यानं त्यांचं पुस्तक काढलं, ते पुढे वाढत गेलं, आणि ठिकठिकाणचे आईबाप पत्रांतून आपल्या मुलांची वाक्यं त्याला पाठवत राहिले. मुलं या वयात काही काळापुरती भाषेची प्रतिभावंत असतात, असं त्याचं ठाम म्हणणं होतं. प्रतिभेबद्दल मी एवढ्या खात्रीनं बोलणार नाही. 'करलं'मागे मेहनत आहे, एवढं मला दिसतं.

आणि इथंच एक नावडती गोष्ट आठवते. लेकीच्या 'करलं'वर आमचं घर विरघळत होतं त्याच दिवसांत सोसायटीच्या पंप चालवणाऱ्या काकांनी जिन्यात सांगितलं, "लई नुस्कान झालं सायेब, मी सकाळीच आलतो." वर आल्यावर आमच्याच घरात कुणीतरी 'नुस्कान'ची नक्कल केली. त्या घरात मीही होतो. अक्षरांची अदलाबदल करून लेकही कलिंगडाला 'किलंगड' म्हणायची, त्याचं मात्र आम्ही कौतुक करत होतो. दोन्हीकडे जिभेनं केलं एकच, मग हसू दोन तऱ्हेचं का? मला वाटतं, मुलाच्या चुकीबद्दल आपण निर्धास्त असतो. आज ना उद्या ते आपल्यासारखं बोलणार, आपल्यातच येणार, ही खात्री त्या कौतुकाच्या तळाशी असते. काका तसेच बोलत राहणार असतात. मुलांच्या बोलण्यावरचं आपलं हसू निर्मळ असतं, असं म्हणण्याआधी ही दोन हसू एकदा शेजारी ठेवून पाहावीत.

अंकांचं प्रकरण तर महाराष्ट्रानं एकत्र बसून हसण्यावारी नेलं. लिफ्ट बंद असली की बाबा आणि लेक पायऱ्या मोजत चढायची. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, आणि मग ती दमदारपणे म्हणायची, "नव्वावीस!" बाबा थांबायचे. "एकोणतीस." पुढची पायरी, "दहावीस!" आता 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक उणा. म्हणजे ज्या तिसापर्यंत मूल अजून पोहोचलेलंच नाही, त्याच्यातून एक वजा करून मागं यायचं. बरं, मराठी तरी हा नेम शेवटपर्यंत पाळते का? एकोणऐंशी, एकोणनव्वद इथवर पाळते. अठ्ठ्याण्णवनंतर मात्र एकोणशंभर येत नाही, नव्व्याण्णव येतं. तिथं भाषा स्वतःच 'नव्वावीस'च्या चालीनं जाते! हे मला चाळिशीत, धापा टाकत, तिसऱ्या मजल्यावर कळलं.

2019च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' असं वाचन आलं. जोडाक्षरं मुलांना जड जातात, आणि लिहायचं आधी दोन पण म्हणायचं आधी एक, हा उलटा प्रकार त्यांना गोंधळात पाडतो, असं त्यामागचं कारण होतं. त्यावर राज्यभर जी करमणूक झाली ती आठवत असेल. मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वर विधानसभेतही कोटी झाली. कोटी चांगली होती, मीही हसलो होतो. 'वीस एक' म्हणावं की नाही यावर मतभेद असू शकतात. मला स्वतःला 'पंचाहत्तरी'च्या जागी 'सत्तर पाच' ऐकवणार नाही. पण त्या गदारोळात अडचण कुणाची आहे, हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही. अडचण सात वर्षांच्या मुलांची होती आणि करमणूक आमची.

कधीकधी मात्र मुलांची चूक घर जिंकते. जुन्या एकत्र कुटुंबांत कितीतरी जण स्वतःच्या वडिलांना 'दादा' किंवा 'अण्णा' आणि आईला चक्क 'वहिनी' म्हणत. काका ज्या नावानं हाक मारत तीच मुलानं उचलली. पहिल्यांदा सगळे हसले असतील, मग कुणाला दुरुस्त करायला सवड झाली नसेल, आणि साठीला आलेला माणूसही आईच्या आठवणी सांगताना 'आमची वहिनी' म्हणत राहिला. त्या मुलाला नातं कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यानं ऐकलं तसं म्हटलं, आणि घर त्याच्या मागून गेलं.

आता घरं छोटी आणि फोन मोठे. मूल काही बोललं की पहिला हात फोनकडे जातो. 'किलंगड'ची चित्रफीत मीच काढली. पहिल्यांदा ती सहज म्हणाली होती, ते हुकलं. म्हणून मी म्हणालो, "म्हण ना परत." तिनं म्हटलं. "मोठ्यानं म्हण ना." नातेवाइकांच्या गटावर ती गेली, हसऱ्या तोंडांची रांग लागली. पुढच्या रविवारी आत्या आली तर लेक आपणहून पुढे होऊन म्हणाली, "किलंगड!" आणि टाळीची वाट बघत उभी राहिली. तोवर तिला कलिंगड नीट म्हणता येत होतं. आदल्याच दिवशी फळवाल्यापाशी तिनं ते स्वच्छ म्हटलेलं मी ऐकलं होतं. म्हणजे चूक संपली होती, आणि आम्ही तिला तिची नोकरी लावून दिली होती.

दिवाळी अंकांतल्या चौकटीतलं ते जुनं पोर, "बाबा म्हणाले, बाबा घरी नाहीत" म्हणणारं, मला यासाठीच कधी खरं वाटत नाही. ते आपल्या सोयीचं पोर आहे. याउलट प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला लंपन घ्या. तो कुणाला हसवायला निघालेला नसतो. त्याचं जग त्याला भयंकर गंभीर वाटतं, आपण त्याच्या बरोबरीनं चालतो आणि चालता चालता हसू येतं. त्या हसण्यात लंपनला ओशाळं व्हावं लागत नाही.

त्या दिवाळीनंतर फाल्गुनात बाबा गेले. आठ दिवस दवाखान्यात होते, लेकीला तिथं नेलं नव्हतं. तिला कसं सांगायचं हे कुणालाच सुचेना. शेवटी आई म्हणाली, "आजोबा देवाघरी गेले गं." ती मान हलवून आत गेली. थोड्या वेळानं आतून घंटा पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर तिनं देवघरातलं सगळं हलवलेलं. बाळकृष्ण एका बाजूला, अन्नपूर्णा आडवी, तांब्याचं ताम्हन जमिनीवर, आणि ती मागच्या कोपऱ्यात डोकं घालून बघत होती. "इथं नाहीयेत," ती म्हणाली. भरल्या घरात, तिसऱ्या दिवशी, आम्ही हसलो. आईसुद्धा. त्या हसण्याची मला आजही लाज वाटत नाही. तीन दिवसांत कुणी नीट श्वास घेतला नव्हता.

लेक मात्र थांबली नव्हती. तिनं अन्नपूर्णा उभी केली आणि विचारलं, "जाताना येतो म्हणाले होते का?"

कुणी काही बोललं नाही. बाबा असते तर त्यांनी खुर्ची ओढली असती. तिच्या शब्दाच्या आत राहून, खोटं न बोलता काय सांगता येतं, हे त्यांना माहीत असायचं. मला ते आलं नाही. मी तिच्याशेजारी खाली बसलो आणि "नाही म्हणाले" एवढंच सांगितलं. ती ताम्हन पुसायला लागली.

आता ती सहावीत पडेल. वर्षांनी, इयत्तेनं नव्हे. हा खुलासा तिनंच मला करायला लावला आहे. 'केलं', 'मेलं', 'एकोणतीस' सगळं जागच्या जागी आलंय. प्रश्न कमी झालेत का, ते सांगता येत नाही, माझ्यापर्यंत येणारे मात्र कमी झालेत. परवा रात्री दिवा घालवल्यावर म्हणाली, "बाबा, एक विचारू? पण तू हसशील."

"नाही हसणार."

"आणि कुणाला सांगशील."

"नाही सांगणार."

मग तिनं विचारलं. बराच वेळ आम्ही त्यावर बोलत होतो.