खुडूक

कोंबडी खुडूक बसली की घरात दोन पक्ष पडतात. एकाला पिल्लं दिसतात, दुसऱ्याला बंद पडलेली अंडी. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि मग तिचं चित्त फिरतं. पिसं फुगवून डालग्यात बसून राहते, हात जवळ नेला की कुर्रर्र करून टोचते. पोटाखालची पिसं झडतात, कारण अंड्याला ऊब लागते ती उघड्या कातडीची. दिवसातून एकदा उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते आणि पळत परत येते. असे २१ दिवस. पोल्ट्रीच्या पांढऱ्या कोंबडीची ही खोड माणसानं निवड करत करत घालवलीय. म्हणून ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, आमची गावरान पन्नास-साठवर थांबते.

अंडी हवी असली की खुडूक मोडतात. तिचंच एक पीस उपटून नाकपुड्यांतून आरपार घालायचं, नाहीतर तिला गार पाण्यात बुडवून काढायची. पीस घातलेली कोंबडी डोकं झटकत, पायानं नाक खाजवत दिवसभर फिरते आणि बसायचं विसरते. कोंबडी कापताना मला कधी काही वाटलं नाही. आखाडात तर आमच्याकडं रांगच लागते. पण हे पीस बघवत नाही. जीव ठेवायचा आणि त्याची ओढ तेवढी काढून घ्यायची, हे मला कापण्यापेक्षा जड वाटतं. ओढ म्हणजे काय, हे कुणाला कळत नसेल तर त्यानं एकदा खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालून बघावा.

माझी माय वैशाखात खुडूक मोडायची. आमच्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात त्या उन्हात अंडी नासतात, कोंबडी फुकट झिजते. "तिच्याच भल्यासाठी," माय म्हणायची, आणि ते खरंही होतं. दसरा-दिवाळीला ऊसतोडीची गाडी भरली की दोन-तीन कोंबड्या डालग्यात घालून सोबत यायच्या, बाकीच्या शेजारच्या म्हातारीकडं अर्धलीनं. तळावर कोपीपुढं एखादी खुडूक झाली, तर चांगल्या थंडीतही माय पीस घालायची. रोजचं अंडं पाहिजे असायचं, आणि बिऱ्हाड कधी हलेल त्याचा नेम नसायचा. तिथंही शब्द तेच, "तिच्याच भल्यासाठी." मायला दोष कसा द्यावा? ते अंडं तिच्या नाही, आमच्या ताटात यायचं.

तेच शब्द पुढं चुलतीच्या तोंडून ऐकले. तिची पिशवी तिसाव्या वर्षी काढली. पाळीत दुखायचं, कामाला खाडा पडायचा, खाड्याचा दंड उचलीवर चढायचा. "ठेवली तर कॅन्सर होईल, तुझ्याच भल्याचं सांगतो," असं डॉक्टर म्हणाला होता. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांची चर्चा झाली, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली.

बाईला कोंबडीच्या रांगेत बसवतो म्हणून कुणी रागावेल. फरक मोठाच आहे. चुलतीनं होकार दिला होता, कोंबडीला कुणी विचारत नाही. पण उचल डोक्यावर असताना दिलेला होकार किती आपला असतो? मी आता एवढंच बघतो, की भलं कुणाचं सांगितलं आणि फायदा कुणाच्या पदरात पडला. वैशाखात दोन्ही कोंबडीचंच होतं. तळावर नव्हतं.

चुलतीची कंबर गेली, ती आता उसाला जात नाही. चार-पाच कोंबड्या पाळते. खुडूक मोडत नाही, पण नुसती बसूही देत नाही. रिकाम्या डालग्यात कोंबडी आठवडेच्या आठवडे बसते, हाडं लागतात, अंगात पिसवा होतात. कोंबडा असलेल्या घरून ती अंडी मागून आणते. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात धरून बघते, कोरी निघतील ती काढून टाकते. उन्हाळ्यात डालगं रांजणाजवळच्या गारव्याला सरकवते. तरी निम्मी नासतात. "नासू दे," म्हणते. पिल्लं निघाली की अंडीवाली अर्धी मागायला येते. चुलती म्हणते, अंडी तुझी आसतील, ऊब मपल्या कोंबडीची हाय. हे भांडण मग दिवाळीपर्यंत चालतं.