टार्गेट आणि सम्यक आजीविका



धम्मबंधू-भगिनींनो, आपल्यातले बरेच जण मस्कतमध्ये सेल्समध्ये आहेत. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. तुम्ही म्हणाल, आम्ही तर मोबाईल विकतो, सुटलो! पण मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्त पाहा. तिथे फसवणूक, गोड बोलून गळी उतरवणे, लाभातून आणखी लाभ ओढणे, हीसुद्धा मिथ्या आजीविकाच.

रुवीच्या दुकानात एखादा बांधकाम कामगार येतो. पुढच्या आठवड्यात कायमचा गावी निघालेला, मुलीसाठी फोन घेणारा. तुम्ही त्याला दोन वर्षांची जादा वॉरंटी देता. ती फक्त ओमानपुरती आहे, हे तो विचारत नाही, तुम्ही सांगत नाही. चौथे शील मोडले का? खोटा शब्द तर एकही नाही. महिनाअखेर आहे, नोकरी गेली तर इथला मुक्कामही जातो. ही भीती मला परकी नाही. मीही असा गप्प राहिलो आहे, एकदा नव्हे.

आता बिल करण्याआधी मी एवढेच विचारतो, "भाऊ, फोन कुठे वापरणार?" पुष्कळदा वॉरंटी विकली जात नाही.