दोन रेघांमधले तेल

नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात तेलाचे राज्य असते. वाटीत अंगाला चोळायचे कोमट तेल, अंगणात पणत्यांचे तेल, स्वयंपाकघरात कढईतले तेल. या गडबडीत मी मात्र आणखी एका तेलाची विचारपूस करायला बाहेर पडतो. ते माझ्या मोटारसायकलीचे!

"अहो, आधी स्वतःच्या अंगाला तेल लावा, मग त्या गाडीचं बघा," असे आतून दरवर्षी ऐकू येते. मुले हसतात. मीही हसतो, पण हा नेम मोडत नाही. त्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला थोडी लाजच वाटते.

पाच वर्षांपूर्वी एका सकाळी शाळेला निघण्याच्या घाईत मी इंजिनातले तेल पाहिले. गाडी साइड स्टँडवर कलती उभी होती. तशीच तेलाची काडी बाहेर काढली, तर ती जवळजवळ कोरडी! मी घाबरलो. घरात तेलाचा डबा होता. त्यातले थोडे ओतले, पुन्हा पाहिले, आणखी ओतले. अर्धा लिटर गेले, तेव्हा कुठे काडीवर समाधानकारक तेल दिसले. चार दिवसांत गाडी जड ओढू लागली, मागून धूर निघू लागला आणि एअर फिल्टर तेलाने माखला.

आमच्या गावच्या मेकॅनिकने गाडी पाहिली आणि शांतपणे म्हटले, "मास्तर, तेल कमी नव्हतंच. गाडी कलती होती."

गोष्ट साधी होती. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते आणि माझ्या गाडीची काडी उजव्या अंगाला. तेल सगळे डावीकडे गोळा झालेले; काडीला ते लागणार कसे? त्याने मला रीत शिकवली. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर सरळ उभी करायची. इंजिन तीन-चार मिनिटे चालू ठेवून बंद करायचे. मग दोन-तीन मिनिटे थांबायचे, म्हणजे वर चढलेले तेल खाली उतरते. काडी काढून स्वच्छ फडक्याने पुसायची; पुन्हा आत घालायची, पण फिरवून आवळायची नाही, नुसती टेकवायची. मग बाहेर काढून पाहायची. तेल दोन रेघांच्या मध्ये असले की झाले. काही गाड्यांत काडी आवळूनच पाहायची असते, काहींत काडीऐवजी काचेची खिडकी असते. ते गाडीबरोबरच्या पुस्तकात पाहावे.

"पण जास्त झालं तर एवढं बिघडतं कशानं?" मी विचारले. माझी समजूत अशी की कमी पडले तर वाईट. जास्तीने कोणाचे काय जाते?

तो म्हणाला, "आतला क्रँक तेलात बुडून ते घुसळतो. ताकासारखा फेस होतो. फेसात हवा, ती लोखंडाला लोखंडापासून कशी वाचवणार?" कमी तेलाने इंजिन झिजते आणि जादा तेलानेही झिजू शकते, हे मला वयाच्या चाळिशीत कळले. त्याने खालचा बोल्ट सैल केला आणि जादा तेल घमेल्यात काढून टाकले. गाडी वाचली.

परतताना मात्र मला गाडी आठवत नव्हती. एक मुलगा आठवत होता.

आठ वर्षांपूर्वी तो माझ्या नववीच्या वर्गात होता. पहिल्या दोन तासांना हमखास झोपायचा. मी त्याला उभे करी, बोले, वहीवर 'आळशी' असा शेरा मारी. पालकसभेत चारचौघांत त्याच्या वडिलांना म्हणालो, "याच्या डोक्यात शिक्षण शिरायचं नाही." नववीनंतर त्याने शाळा सोडली. पुढच्या वर्षी कळले, की शेतीपंपाची वीज आमच्याकडे पाळीने रात्री यायची, वडिलांची कंबर धरलेली, आणि पोरगा रात्रभर पाणी देऊन सकाळी शाळेत यायचा.

तो झोपत होता, हे खोटे नव्हते. काडी कोरडी होती, हेही खोटे नव्हते. काडी कधी खोटे बोलत नाही. पण गाडी कशी उभी आहे, हे काही ती सांगत नाही. ते मोजणाऱ्याने पाहायचे असते. मी पाहिले नव्हते. घाईत होतो, रागात होतो, आणि आधीच्या मुलांवर मारलेले शेरे मनावरून पुसलेही नव्हते.

मग माणसाने माणसाला मोजूच नये काय? त्या पश्चात्तापात मी तेही करून पाहिले. दोन वर्षे सर्वांना सढळ हाताने गुण दिले, ऊठसूट शाबासकी दिली. मुले फुगली आणि दहावीच्या परीक्षेत आपटली. तेही वरच्या रेघेपलीकडचेच तेल! न मोजणे ही दया नव्हे. ती निष्काळजीची सोज्ज्वळ बहीण आहे. जुन्या येझदीसारख्या गाड्यांत तेल पेट्रोलबरोबर जळून जाई. आजच्या इंजिनात तेच तेल महिनोन् महिने आत फिरत असते. आतले दिसत नाही, म्हणूनच मोजावे लागते. मात्र आधी सरळ उभे करावे, थोडे थांबावे, काडी पुसावी.

जादा तेल काढायला इंजिनाला खाली बोल्ट असतो. चारचौघांत बोललेला शब्द काढायला मला तसा बोल्ट सापडलेला नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या बाजारात तो मुलगा भेटला. ट्रॅक्टर चालवतो. वाकून नमस्कार केला. मी अडखळत त्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "जाऊ द्या सर. तुम्हाला काय माहीत!"

ती क्षमा होती की ठपका, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. माहीत करून घेणे, हेच तर माझे काम होते.

म्हणून दिवाळीच्या पहाटे मी गाडी मेन स्टँडवर लावतो, इंजिन चालवून बंद करतो आणि पायरीवर थांबतो. धाकटी मुलगी पणत्यांत तेल घालत असते. तिला कोणी शिकवले कोण जाणे. काठाच्या थोडे खालीच तिचा हात थांबतो, वात बुडत नाही. आतून पुन्हा हाक येते.

"आलोच," मी म्हणतो. "अजून दोन मिनिटं थांबायचंय."