जखमेचा अधिकार

ज्याने युद्धात माणसे मारली, आपल्या शेजारचा सोबती मरताना पाहिला, त्याने पुढे दुसऱ्याचे भंगलेले मन सांभाळण्यास बसावे काय? प्रश्न विचित्र वाटेल. पण चाळिशीच्या आसपास गणवेश उतरवून मानसिक समुपदेशनाचे काम पत्करणारे माजी सैनिक अमेरिकेत आहेत. तेथे वीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळते. अठराव्या वर्षी भरती झालेला तरुण अडतिसाव्या वर्षी मोकळा होतो. उरलेल्या आयुष्याचे काय करावे, हे विचारण्याचे ते वय. त्यांपैकी काहींनी निवडलेली ही वाट आपणां श्रद्धावंतांनाही अंतर्मुख करणारी आहे.

या वाटेचा उगम बऱ्याच अंशी व्हिएतनाम युद्धात सापडतो. तेथून परतलेले काही सैनिक १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्क शहरात एकत्र बसून बोलू लागले. रॉबर्ट जे लिफ्टन व हाइम शॅटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले. पण उंचावरून उपचार करणारे म्हणून नव्हे, तर त्या मंडळातीलच एक म्हणून. १९७९ साली सरकारने माजी सैनिकांसाठी रुग्णालयांबाहेर, लोकवस्तीत समुपदेशन केंद्रे सुरू केली आणि तेथे अनेक ठिकाणी माजी सैनिकांनाच समुपदेशक नेमले. १९८० साली या यातनेला ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे अधिकृत नाव मिळाले. नाव मिळाले, पण यातना संपली नाही. २०२२ या एका वर्षात त्या देशातील ६,४०० हून अधिक माजी सैनिकांनी आत्महत्या केली. म्हणूनच त्यांच्यासमोर कोणी बसावे, हा केवळ चर्चेचा विषय नव्हे. तो जीवनमरणाचा प्रश्न आहे.

‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. ज्याचे अजून जळतच आहे, त्याला दुसऱ्याची आग दिसत नाही. समोरच्याच्या आसवांत तो स्वतःचेच दुःख रडू लागतो. आपली कहाणी त्याच्या माथी मारतो. म्हणून केवळ सोसले एवढ्यावर तेथे समुपदेशनाचा परवाना मिळत नाही. दोन-तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते आणि त्यानंतर अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली, कित्येक राज्यांत ३,००० तासांपर्यंत, काम करावे लागते. कालपर्यंत ज्याच्या आज्ञेने तुकडी हलत होती, तो आपल्या मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांशेजारी बाकावर बसतो आणि गप्प राहून ऐकायला शिकतो. हुकूम देण्याची सवय झालेल्या माणसाला ही तपश्चर्या सोपी नव्हे.

आपल्या परंपरेत असा एक सैनिक होऊन गेला. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस लोयोलाचा पाय मोडला; तेव्हा त्याचे वय तिशीच्या घरात होते. पुढे मानरेसा येथे पापशंकेने त्याला इतके छळले की, जीव देण्याचा मोहही झाला. त्यातून तो तरला. पण तरल्याबरोबर गुरू म्हणून मिरवला नाही. तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात मुलांबरोबर बसून त्याने लॅटिनचे प्राथमिक धडे गिरवले. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातील एक सूचना मननीय आहे: मार्गदर्शकाने तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यावर राहावे, कोणत्याही बाजूस झुकू नये, आणि निर्माणकर्त्यालाच त्या आत्म्याशी थेट बोलू द्यावे. जखमेने त्याला समज दिली. त्या समजेला शिस्त लागल्यावरच तो इतरांचा वाटाड्या झाला.

याहून कठीण प्रश्न अपराधाचा. ‘माझ्या गोळीने एक लेकरू मेले,’ असे सांगणाऱ्यास काय उत्तर द्यावे? ‘तू आज्ञा पाळलीस, विसरून जा,’ हे सांत्वन स्वस्त आहे, आणि जो स्वतः तेथे उभा होता त्याला ते स्वस्त असल्याचे लगेच कळते. बोस्टन येथे व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करणारे डॉ. जोनाथन शे यांनी अशा वेदनेसाठी ‘नैतिक जखम’ ही संज्ञा रूढ केली. वरिष्ठांनी केलेला न्यायाचा घात त्यांना प्रथम अभिप्रेत होता. पुढे स्वतःच्या हातून घडलेल्या कृत्याचाही तीत समावेश झाला. ही जखम भीतीची नसते, सदसद्विवेकाची असते. ती दुखते याचा अर्थ विवेक जिवंत आहे.

ख्रिस्तसभेला हे पूर्वीच उमगले होते. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर नॉर्मन धर्माधिकाऱ्यांनी विजयी सैनिकांनाही प्रायश्चित्त सांगितले: ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष, ज्याला घायाळ केले पण जो मेला की जगला हे ठाऊक नाही, अशा प्रत्येकामागे चाळीस दिवस. आज हा हिशोब कठोर वाटेल. पण त्यात करुणा होती. त्याने अपराध नाकारला नाही, आणि तो अनंतही ठेवला नाही. ओझ्याला माप दिले व ते कोठे उतरवायचे तेही दाखवले. नाकारलेला अपराध आत कुजतो. ज्याला अंत नाही असा अपराध निराशेकडे नेतो.

समुपदेशक पापमुक्ती देऊ शकत नाही, आणि धर्मगुरूने समुपदेशकाची जागा घेऊ नये. प्रायश्चित्त संस्काराने पापांची क्षमा होते. पण भयस्वप्ने त्याच रात्री थांबतील असे नाही. ती थांबली नाहीत म्हणून कोणाची श्रद्धा उणी ठरत नाही. पापनिवेदन करून आलेल्या माणसास ‘आता समुपदेशकाकडेही जा’ असे सांगणे हाही धर्मगुरूच्या कर्तव्याचाच भाग आहे.

पुनरुत्थित प्रभूने आपल्या जखमा पुसून टाकल्या नाहीत. थोमाला त्याने त्या दाखवल्या, त्या त्याने हळहळावे म्हणून नव्हे, तर विश्वास ठेवावा म्हणून. आपल्या धर्मग्रामातही असे अधिकारी आहेत: व्यसनातून सुटलेला गृहस्थ, मूल गमावलेली माता, अकाली वैधव्य आलेली भगिनी. त्यांना बोलते करण्यापूर्वी त्यांची जखम भरली आहे ना, हे प्रेमाने पाहावे. भरली असेल तर त्यांच्यासारखा सोबती नाही. अजून वाहत असेल, तर आधी आपणच त्यांच्याजवळ जाऊन बसावे.