नोटिशीतला कर्ता

एका पतसंस्थेच्या पत्रांचे मराठी तपासून देण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. व्यवस्थापकांची अपेक्षा माफक होती. "मॅडम, शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या काढा. सभासद हसतात हो." चुका होत्याच. सगळीकडे 'मंजूरी' होती. 'मंजूर'मधला 'जू' दीर्घ, पण पुढे 'री' आली की तो ऱ्हस्व होतो, हे मी लाल पेनाने दहा ठिकाणी दाखवले. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चारांची भर, एवढ्या शिदोरीवर माझे काम दोन दिवसांत उरकले.

महिन्याभराने त्याच पतसंस्थेच्या काउंटरशी एक बाई भेटल्या. हातात थकबाकीची नोटीस, मीच तपासलेली. "ताई, जरा वाचून सांगता का? घरावर येणारेत का हे लोक?" मी वाचली : 'सदर रकमेचा भरणा १५ दिवसांत न केल्यास आपणांविरुद्ध कलम १०१ अन्वये वसुलीची कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.' एकही चूक नव्हती. बाईंच्या प्रश्नाचे उत्तरही नव्हते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधले हे कलम. त्यात प्रत्यक्ष घडते ते असे : संस्था निबंधकाकडे अर्ज करते. निबंधक आवश्यक ती चौकशी करून वसुली दाखला देतो. तो दाखला हाती आल्यावर वसुली अधिकारी जप्तीला निघतो. म्हणजे तीन कामे, तीन वेगळी माणसे. मध्ये कर्जदाराला आपले म्हणणे मांडायलाही वाव असतो. हे सगळे 'कारवाई करण्यात येईल' या तीन शब्दांनी गिळून टाकले होते. बाईंना वाटत होते, सोळाव्या दिवशी दारात टेम्पो उभा राहणार.

आपण व्यवहारातल्या मराठीबद्दल बोलतो तेव्हा भांडण बहुतेक शब्दांवरून होते. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशापासून भाषा संचालनालयाच्या कोशांपर्यंत आपला जीव शब्दांत अडकलेला. फारसी काढा, इंग्रजी काढा, संस्कृत घाला. पदनाम कोशाला आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हटले तेही शब्दांवरूनच. वाक्याकडे मात्र कोणी फारसे वळले नाही. माझे मत असे की पत्र नासते ते वाक्यात, आणि त्यातही कर्त्यापाशी. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सभासद हसतो. कर्ता गाळला तर तो घाबरतो, नाहीतर कागद घडी घालून खिशात टाकतो.

यावर कोणी म्हणेल, कर्मणी प्रयोग तर मराठीत पहिल्यापासूनच आहे. आहे, पण तो वेगळा. 'बँकेने कर्ज मंजूर केले' हा कर्मणीच. क्रियापद कर्जाच्या मागे चालते. तरी बँक कुठे जात नाही, 'ने' लावून ती वाक्याच्या तोंडाशीच उभी असते. आपल्या जुन्या कर्मणीत कर्ता लपत नाही. 'रावण रामाकडून मारला गेला' या धाटणीला व्याकरणाची पुस्तके नवीन कर्मणी म्हणतात आणि ती इंग्रजीच्या वळणाने आली असे सांगतात. तिथे राम निदान 'कडून'च्या आडोशाला का होईना, असतो. कचेरीने तोही काढला आणि 'मारण्यात आला' एवढेच ठेवले. घरात कोणी असे बोलत नाही. 'दूध उतू घालवण्यात आले आहे' असे सुनेने सासूला सांगून पाहावे!

कहर पाहिला तो एका फलकावर. 'गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.' दिलगिरी आहे, दिलगीर कोणी नाही.

हे सगळे व्यवहाराला चिकटूनच येते असेही नाही. जुन्या हुंडीचा मजकूर पाहावा. कोणी लिहिली, कोणावर लिहिली, पैसे कोणाला द्यायचे आणि दर्शनी की मुदतीने, हे त्यात स्पष्ट असे. रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून शंभराच्या जोडीला 'निम्मे पन्नास, त्याचे दुप्पट' असेही लिहीत. त्या भाषेला कोणी ललित म्हणणार नाही. पण पैसा बुडू नये म्हणून जपून लिहिणाऱ्याला नावे गाळणे परवडत नव्हते.

शब्दनिवडीकडे मी म्हणूनच याच बाजूने पाहते. 'सदर', 'सबब', 'उपरोक्त' यांच्यावर माझा राग नाही. जुने भाडेकरू आहेत, राहू देत. दुखते ते 'कारवाई' आणि 'कार्यवाही' यांची सरमिसळ झाली की. कार्यवाही म्हणजे काम पुढे नेणे. कारवाईला शिक्षेचा वास येतो. त्याच संस्थेत खातेउतारा मागणाऱ्या एका सभासदाला 'आपल्या अर्जावर योग्य ती कारवाई करण्यात येईल' असे उत्तर गेले होते. माणूस दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन हजर : "साहेब, उताराच मागितला होता, गुन्हा काय केला?" टंकलेखनाची चूक म्हणून ते हसण्यावारी गेले. वाक्यात कर्ता असता तर ही चूक टिकलीच नसती. 'शाखाधिकारी आपल्या अर्जावर कारवाई करतील' असे लिहिताना हात आपोआप अडखळतो आणि 'आठ दिवसांत उतारा देतील' असे लिहून मोकळा होतो.

कर्ता प्रत्येक ठिकाणी हवाच असे नाही. 'कार्यालय १ मे रोजी बंद राहील' यात कुलूप कोण लावणार याच्याशी कोणाला देणेघेणे नसते. पण जिथे पैसा, मुदत आणि जप्ती आहे तिथे वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न 'कोण?' हाच असतो.

बाईंची नोटीस मी घरी नव्याने लिहिली. 'तुम्ही १५ दिवसांत रक्कम भरली नाही, तर आमची संस्था निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करील. निबंधक चौकशी करतील, तेव्हा तुम्ही आपली बाजू मांडू शकता. त्यांनी दाखला दिला, तरच वसुली अधिकारी जप्ती करू शकतील. अडचण असल्यास त्याआधी शाखाधिकाऱ्यांना भेटा.' व्यवस्थापकांनी ती दोनदा वाचली. आवडलीही असावी. मग चष्मा काढून म्हणाले, "छान आहे मॅडम. पण हे असं लिहिलं की याखाली सही कोण करणार?"

नोटिशीचा नमुना अजून जुनाच आहे. मंजुरीपत्रातला 'जु' मात्र ऱ्हस्व झाला.